आधी पाणी, मग नावं, मग डोंगर: कादंबरीसाठी नकाशा काढताना

कादंबरीतल्या काल्पनिक प्रदेशाचा नकाशा करायला घेतला की मी सगळ्यांत आधी पाणी काढते. किनारा, खाड्या, नद्या, नद्यांना मिळणारे व्हाळ. राजधानी, जंगल, डोंगर हे सगळं त्यानंतर. लेखक पहिल्यांदा फोन करतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एक किल्ला असतो आणि तो किल्ला देखणा व्हावा अशी त्यांची इच्छा असते. पण किल्ला कुठे बांधला जाईल, बाजार कुठे भरेल, फौज कुठे अडेल हे पाणी ठरवतं. पाणी नीट बसलं की पुढचा अर्धा नकाशा सुचत जातो.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. डिप्लोमा झाल्यावर एका खाणीच्या सर्व्हे विभागात ड्राफ्टिंगला लागले. कॉन्टूर, खंदकांचे छेद, पावसाच्या पाण्याचा निचरा, हेच दिवसभर. २०१२ साली गोव्यातलं खाणकाम थांबलं तेव्हा मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढू लागले, आणि त्यातूनच एका लेखकाने नकाशा मागितला. आता माझं मुख्य काम तेच आहे. ज्यांचा हात चित्रात चालतो पण ज्यांनी नकाशा कधी केलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

वही घेऊन वाचा

हस्तलिखित आलं की ते सगळं वाचायचं. "नकाशापुरती प्रकरणं पाठवतो," असं कुणी म्हणालं तरी गोडीने सगळंच मागून घ्यायचं. वाचताना शेजारी वही ठेवा आणि ठिकाणाचं नाव, पान क्रमांक, दिशेचा प्रत्येक उल्लेख, प्रवासाला लागलेले दिवस आणि ऋतू टिपत जा. "मावळतीचं ऊन डोळ्यांवर घेत ते चालू लागले" हासुद्धा दिशेचाच उल्लेख आहे. ऋतू टिपायला पुष्कळजण विसरतात, आणि आपल्याकडच्या कथेत तोच सगळ्यांत जास्त लागतो.

वाचून झाल्यावर एका कागदावर ठिकाणांची वर्तुळं काढून ती रेघांनी जोडायची आणि प्रत्येक रेघेवर दिवस लिहायचे. हा कागद अजून नकाशा झालेला नसतो, पण कादंबरी कुठे अडखळते ते इथेच कळतं. पायी चालणारा माणूस सपाटीवर दिवसाला २५ ते ३० किलोमीटर जातो, बैलगाडी १५ ते २०, आणि घाट लागला की दोघांचाही वेग निम्म्यावर येतो. लेखकाला किलोमीटर विचारले तर तो गोंधळतो. म्हणून मी विचारते, "तुमचं राज्य किती गोव्यांएवढं?" गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम रुंदी साधारण ६५ किलोमीटर, म्हणजे दर्यावरून निघालेला माणूस तिसऱ्या दिवशी सह्याद्रीच्या पायथ्याला भिडतो. हे सांगितलं की लेखकाला आपल्या राज्याचा आवाका लगेच उमगतो. तुम्ही दुसरीकडे राहत असाल तर तुमचा तालुका, तुमचा जिल्हा घ्या.

विसंगती सापडल्या की रेघ ओढण्याआधी लेखकाशी बोलायचं. एका कादंबरीत नायिका बंदरातून होडीत बसते आणि वल्ही न मारता नदीने वर राजधानीला पोचते. मी म्हटलं, "दादा, तुमची नदी उलटी वाहतेय." तो म्हणाला, "ताई, मग राजधानी खाली आणू का?" काहीच हलवायची गरज नव्हती. आमच्या मांडवीत भरतीचं पाणी कितीतरी आत चढतं, दिवसातून दोनदा, आणि होडेकरी भरती धरूनच वर जातात. त्याने भरतीची वाट पाहत रात्र काढण्याचा एक प्रसंग लिहिला. तो त्या प्रकरणातला सगळ्यांत चांगला प्रसंग झाला आहे, आणि नकाशावर मी त्या नदीत भरती पोचते तिथे एक छोटी खूण दिली.

याच टप्प्यावर आणखी एक प्रश्न विचारा: वाचकाला पहिल्या पानावर काय कळता कामा नये? चोरवाट, बुडालेलं देऊळ, राजाने नकाशांतून पुसून टाकलेलं गाव. नकाशा पुस्तकाच्या सुरुवातीला छापला जातो आणि वाचक तो आधी न्याहाळतो. एक नाव चुकून पडलं तर तिसऱ्या भागातला उलगडा तिथेच फुटतो.

शिवाय हा नकाशा कथेतल्या कुणी काढला आहे, तेही ठरवून घ्या. यान हाउखन व्हान लिन्सखोटेन हा डच माणूस १५८०च्या दशकात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याच्या १५९६च्या ग्रंथात गोवा शहराचा नकाशा आहे. रस्ते, चर्चं, बाजार, नदीतली गलबतं सगळं त्यात आहे, कारण व्यापाराला निघालेल्या माणसाला नेमकं तेच हवं होतं. दर्यावर्दी लोकांच्या नकाशात किनारा बारकाव्याने भरलेला असतो आणि आतला मुलूख जवळजवळ कोरा. तुमच्या कादंबरीत नकाशा खलाशाचा असेल तर डोंगरापलीकडचं त्याला माहीत नसू द्या. मठातल्या साधूचा असेल तर तीर्थं मोठी आणि राजधानी लहान.

पाणी

साधे नियम चारच. नदी उतारावरून वाहते, वाटेत दुसऱ्या नद्या तिला मिळतात, खाली जाताना ती सहसा फुटत नाही, आणि तळ्यातून बाहेर पडणारी वाट बहुधा एकच असते. नवख्यांच्या नकाशात एक नदी दोन समुद्रांना जाऊन मिळते आणि जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

नियम मोडायचा तर कारण देऊन मोडा, आणि त्याचा दाखला माझ्या घराजवळ आहे. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना कुंभारजुव्याचा कालवा जोडतो. तो भरती-ओहोटीचा, मगरींचा. त्याच्यामुळे तिसवाडी तालुका चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. आम्ही खाणीवर होतो तेव्हा लोहखनिज ट्रकने मांडवीच्या धक्क्यावर जाई आणि तिथून बार्जने मुरगाव बंदरात. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादकडे समुद्र खवळतो, वाळूच्या दांड्यावरून बार्ज जाऊ शकत नाहीत, तेव्हा त्या याच कालव्यातून जुवारीत उतरत. या एका अरुंद पाण्यावर तुम्हाला अख्खी कादंबरी उभी करता येईल. पावसाळ्यात दर्या बंद, मग कालव्याचा धनी तो सगळ्या व्यापाराचा धनी. काल्पनिक राज्यात अशी एक जागा शोधा, जिथे वाट बंद होते आणि दुसरी उघडते. नकाशावर ती ठळक दाखवा.

पाणी काढून झालं की माणसांची ठिकाणं बसवायची. माल एका वाहनातून दुसऱ्यात जिथे चढतो, तिथे गाव मोठं होतं: होडीतून बैलावर, बैलावरून घाटाच्या पायथ्याशी हमालाच्या डोक्यावर. नदीच्या मुखाशी किल्ला येतो. मांडवीच्या तोंडाशी १६१२चा आग्वाद, थोडं आत पात्र अरुंद होतं तिथे रेईश मागूश, समोरच्या टोकाला काबो. उत्तरेला शापोऱ्याच्या मुखावर शापोऱ्याचा, त्याच्याही वर तेरेखोलचा. गोव्याचा किनारा बोटाने चाचपत गेलात तरी कळतं की किल्ले सौंदर्यासाठी बांधलेले नाहीत. आग्वादला गोड्या पाण्याचं प्रचंड टाकं आहे, लांबच्या प्रवासाची जहाजं तिथे पाणी भरत. तुमच्या किल्ल्याला पाणी कुठून येतं, हे लेखकाला विचारा. त्याने विचार केलेला नसेल तर आता करील.

जुनी, ओस पडलेली शहरंही हवीत. कदंब राजांचं गोपकपट्टण जुवारीकाठी होतं; ते गेलं, पुढे जुनं गोवें वाढलं; तेही रोगराईने ओस पडत गेलं आणि १८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीला आली. तीन शहरं, सगळी एकमेकांपासून फार तर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. काल्पनिक प्रदेशात सगळीच शहरं नांदती असली की तो प्रदेश कालच बांधल्यासारखा वाटतो. एखाद्या ठिकाणी पडक्या बुरुजाची खूण, शेजारी बारीक अक्षरात जुनं नाव, एवढं पुरतं.

सीमांचंही तसंच. आमच्याकडे अजून जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी म्हणतात, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी घेतलेला मुलूख आणि नंतर घेतलेला. तिसवाडी, बारदेस, साष्टी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. दोनशे वर्षं नद्याच सीमा होत्या, आणि देवळं, भाषा, आडनावं यांत तो फरक अजून जाणवतो. नकाशावर सगळी सीमा एकाच जाडीच्या तुटक रेघेने काढू नका. जुनी सीमा फिकट ठेवा, आताची गडद.

डोंगरांची दिशा आणि पाऊस एकमेकांना धरून असतात. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून दीडेकशे किलोमीटरवरच्या धारवाडला हजाराच्याही आत. वारा समुद्राकडून येत असेल तर डोंगराच्या त्या अंगाला जंगल आणि पलीकडे माळ. हे उलटं काढलेले नकाशे मी पुष्कळ पाहिलेत.

खाडीकाठी सखल भाग असेल तर तिथे खाजन घाला. बांध घालून राखलेली भातशेती, आणि पाणी आत-बाहेर सोडणारी मानस, म्हणजे बांधातली दारं. भरतीला तिची दारं पाण्याच्याच दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडतात. शत्रूने मानस तोडली तर एका रात्रीत सगळं भात खाऱ्या पाण्याखाली. लेखकांना असं काही सांगितलं की ते फोनवरच लिहायला लागतात.

नावं

नावं मी डोंगरांच्या आधी बसवते. हा क्रम पाळा, पुढचे कितीतरी तास वाचतात. आधी डोंगर काढले की नावं त्यांच्या अंगावर चढतात, मग डोंगर खोडावे लागतात. नावं बसल्यावर मोकळ्या जागेत डोंगर छान मावतात.

मराठी नकाशाची खरी अडचण इथे आहे, आणि नकाशे शिकवणाऱ्या इंग्रजी व्हिडिओंतून ती सुटत नाही. रोमन लिपीत मोठ्या प्रदेशाचं नाव अक्षरं लांब लांब ठेवून पसरतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाची नुसती अक्षरं उरतात. यावर दोन उपाय मला जमले आहेत. एक, शिरोरेघ हाताने लांबवायची आणि अक्षरं तिच्याखाली सैल लटकू द्यायची. जुन्या पाट्यांवर असं लेखन दिसतं आणि राजेशाही नकाशाला ते शोभतं. दुसरा, नाव तेवढंच ठेवून आकार वाढवायचा आणि रंग फिकट करायचा, म्हणजे ते जमिनीत मुरतं आणि त्यावर बारीक गावं लिहिता येतात.

रोमनमध्ये पाण्याची नावं तिरक्या अक्षरांत आणि राज्यांची कॅपिटलमध्ये लिहायची पद्धत आहे. आपल्याकडे कॅपिटल नाहीत, आणि संगणकाने तिरकं केलेलं देवनागरी कलंडल्यासारखं दिसतं. मी नद्यांची नावं पातळ वजनात, पात्राच्या वळणावर वाकवून लिहिते. शहरं जाड. खेडी मध्यम. राज्यं सगळ्यांत मोठी पण फिकट. याहून जास्त प्रकार करू नका.

संगणकावर लिहिणार असाल तर मराठी वळणाचे ल आणि श असलेला फॉण्ट घ्या. टिरो देवनागरी मराठी विनामूल्य आहे आणि नकाशावर गंभीर दिसतो. मुक्ता स्वच्छ आहे, लहान आकारातही वाचता येतो. अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सोय, चालू केलेला नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्या अक्षराला लागते. वाकवलेल्या ओळीवर हे जास्त होतं, म्हणून प्रत्येक नाव मोठं करून वाचा. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र नीट उमटतो का, तेही पाहा. छापील आकारात सगळ्यांत बारीक नाव ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. रोमन ६ पॉइंटलाही वाचता येतं. आपल्या अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार असतो, तो भरून जातो.

नावांभोवती कागदाच्या रंगाची बारीक कड सोडा, म्हणजे मागून जाणारी नदीची रेघ अक्षराला चिकटत नाही.

डोंगर आणि झाडं

इथे मी फार सांगत नाही, कारण चित्रकाराचा हात इथे आपला आपण चालतो. प्रकाश वरून डावीकडून येतो असं धरा आणि सगळ्या डोंगरांची सावली उजवीकडे टाका. डोंगर एका रांगेत सारखे उभे करू नका. सह्याद्रीकडे पाहा, मुख्य धार एक आणि तिच्यातून फुटलेले सोंड-कडे. आमच्या जांभ्याच्या सड्यासारखा सपाट माथा एखाद्या ठिकाणी आला तर रांग जिवंत होते. जंगल प्रत्येक झाड काढून भरू नका, कडेची झाडं काढा आणि मधला भाग मोकळा ठेवा.

मी अजून कागदावर शाई लावते: ए-थ्री ब्रिस्टल कागद, पिग्मा मायक्रॉन पेनांच्या ००५, ०१ आणि ०३ या निब. गोव्याच्या पावसाळ्यात कागद दमट होऊन लाटा धरतो, म्हणून जून ते सप्टेंबर कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलबरोबर ठेवते आणि शाईचं काम दुपारी पंखा बंद करून करते. तुम्ही थेट संगणकावर काढत असाल तर क्रिता आणि इंकस्केप दोन्ही विनामूल्य आहेत आणि या कामाला पुरतात.

छपाई

प्रकाशकाला पहिल्याच दिवशी विचारा: पुस्तकाचा आकार काय, कागद कोणता, नकाशा एका पानावर की दोन पानांवर, काळा-पांढरा की रंगीत? मराठी कादंबऱ्या बहुधा डेमी आकारात, म्हणजे ५.५ × ८.५ इंच असतात. जोडपानी नकाशा ११ × ८.५ इंचांचा झाला, ३०० डीपीआयला ३३०० × २५५० पिक्सेल. नुसत्या काळ्या रेघांचं काम असेल तर ६०० डीपीआयला करा, रेघा धारदार येतात. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे पान कापताना जाणारी चित्राची जादा कड.

गोंदाच्या बाइंडिंगमध्ये मधली घडी पुरती उघडत नाही. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना किमान १२ मिलिमीटर नाव, शहर किंवा पूल काही ठेवू नका. तिथे समुद्र, जंगल किंवा कोरा माळ येऊ द्या. मी किनाऱ्याची मांडणीच अशी करते की घडीत खाडी किंवा रान पडावं.

करड्या छटांच्या मोहात पडू नका. साध्या मॅपलिथो कागदावर शाई पसरते, आणि पडद्यावर रेशमी दिसणारी सावली छापून आल्यावर चिखल होते. सावली रेघांनीच द्या. पाव पॉइंटपेक्षा बारीक रेघ नको. ए-थ्रीवर काढलेलं चित्र जोडपानाला बसवताना दोन-तृतीयांशाच्या आसपास लहान होतं, त्यामुळे ०.२ मिलिमीटरची रेघ ०.१३ वर येते. ती चालते. काम अर्ध्यावर असताना खऱ्या आकारात साध्या लेझर प्रिंटरवर छापून पाहा आणि ते पान घरातल्या साठीच्या माणसाला वाचायला द्या. माझे बाबा चष्मा न शोधता सगळी नावं वाचू शकले तर फाइल पुढे जाते.

पैसे आणि हक्क

काम तीन टप्प्यांत वाटते आणि पैसेही तसेच. आधी नुसतं पाणी, ठिकाणांचे ठिपके आणि नावं असलेलं पेन्सिलचं चित्र. ते मंजूर झाल्याचा मेल आल्याशिवाय शाईला हात लावत नाही. मग शाई. मग छपाईची फाइल. पहिल्या टप्प्यात लेखकाने कितीही बदल सांगावेत, मला ते आवडतात; शाईनंतर गाव हलवायचं तर वेगळे पैसे, आणि हे सुरुवातीलाच लिहून देते. दर ठरवताना नावांची संख्या, पानाचा आकार, रंग आणि हक्क हे चार मुद्दे धरा. नावांची संख्या सगळ्यांत जास्त वेळ खाते.

हक्कांचं लेखीच हवं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नकाशा कलाकृतीत धरला आहे. कलम १९प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कागदावर सही लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. म्हणून नीट लिहा: छापील आवृत्ती, ई-पुस्तक, अनुवाद, आणि पोस्टर, टी-शर्ट, खेळ हे वेगळं. लेखकांना पोस्टर विकायचं असतं, त्यात काही वावगं नाही, फक्त ते करारात असावं.

शेवटी फाइल देताना नावांचा थर जमिनीपासून वेगळा ठेवा आणि त्याची मूळ प्रत जपून ठेवा. कादंबरी चालली की कोकणी, हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद निघतो, आणि त्या वेळी नद्या-डोंगर तसेच ठेवून फक्त नावं बदलायची असतात. ई-पुस्तकासाठी वेगळी प्रत करा: वाचनयंत्राचा पडदा लहान आणि करडा असतो, म्हणून जोडपानाचे दोन भाग करून प्रत्येकी एक चित्र, नावं दीडपट मोठी, आणि फार बारीक गावं त्यातून काढून टाकलेली. प्रेसमधून प्रूफ आलं की पहिल्यांदा घडी बघा, मग सगळ्यांत लहान नाव, मग काळ्या रंगाचा दाटपणा, आणि काही खटकलं तर त्याच दिवशी कळवा, कारण पुढच्या दिवशी प्लेट मशीनवर चढलेली असते.